आंबोलीत राहत्या घरात होमस्टे काढावा का? (टॉवेल वाळवायचे कुठे, इथपासून सुरुवात)

पडवीतली

नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचनमात्र होते, आता चर्चेचा धागा काढायची वेळ आली.

आम्ही आंबोलीला राहतो, मुख्य रस्त्यापासून थोडं आत. घरात सासूबाई, नवरा, मी आणि शाळेत जाणारी दोन मुलं. नवरा नोकरीसाठी रोज सावंतवाडीला उतरतो. तीसेक किलोमीटरचा रस्ता, त्यात घाट. दरड आली तर मुक्काम तिकडेच. मे महिन्यात मुंबईच्या नणंदबाई आल्या होत्या. मागच्या दोन खोल्या बघून म्हणाल्या, "वहिनी, तू इथे लाकडं आणि बरण्या भरून ठेवल्यायस आणि तिकडे लोक धबधब्याखाली उभं राहायला मुंबईहून येतायत. होमस्टे काढ. पैसे मी घालते." नवऱ्याला पटलंय. सासूबाई काही बोलत नाहीत, म्हणजे पटलेलं नाही.

माझी अडचण अशी की त्या खोल्या रिकाम्या नाहीत. एका खोलीची भिंत आणि चुलीची भिंत एकच आहे. ती भिंत रात्रीसुद्धा कोमट असते. जून ते सप्टेंबर अख्ख्या घरात खरी कोरडी जागा म्हणाल तर तेवढीच. मुलांचे गणवेश तिथे, मसाल्याचे डबे तिथे, सुकी मासळी तिथे, पुढच्या वर्षीचं नाचणीचं बियाणं तिथे. भजनी मंडळाचा पखवाजसुद्धा पावसाळाभर आमच्याकडेच असतो, कारण देवळात ठेवला तर त्याचं कातडं सैल पडून बोल निघत नाही. दुसऱ्या खोलीत लाकडं आणि शेणी. ती भिजली तर पहिली खोलीही गेलीच.

पाऊस बघायला आलेल्या माणसाला पहिल्यांदा काय लागतं? कोरडा टॉवेल. तो मी कुठे वाळवू? घाटमाथ्यावर ऐन पावसात ज्यांनी हा उद्योग केलाय त्यांनी स्पष्ट सांगा.

गावची खबर: पाऊस लागला. लाईट येऊन-जाऊन आहे. घाटात एका वळणावर माती आली होती, जेसीबीने काढली, एसटी चालू झाली. शनिवार-रविवारच्या गाड्यांचं काय करायचं यावर देवळात बैठक झाली. ठरलं काही नाही, चहा मात्र चांगला होता.

ढगातला पुणेकर

किती भाग्यवान आहात हो तुम्ही! आम्ही वर्षभर ज्या धुक्यासाठी झुरतो ते तुमच्या खिडकीत. काढाच होमस्टे. टॉवेल वगैरे गौण आहे, आम्ही आमचे आणू. :)

पडवीतली

धुकं खिडकीत थांबत नाही हो, आत येतं. कपाटात जातं, उशीत जातं. तुमच्याकडे वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पडतो ना? आमच्याकडे त्याच्या दहापट. तुमचा टॉवेल शनिवारी सकाळी भिजला की रविवारी संध्याकाळी पुण्याला ओलाच जाणार, आणि वाटेत गाडीत त्याला जो वास सुटेल त्याचा दोष माझ्या घरावर येणार.

चौकुळचो

गे बाय, पुणेकरांका कित्याक भियवतंस! येवंदेत बिचारे.

पण माका येक सांग, लावणीक माणसा खंय मिळतली? आमच्याकडे जुलैत तरवो (भाताची रोपा) काढूक माणूस गावत नाय. जो तो आयतवारी धबधब्याकडे भजयेची गाडी लावता. चिखलात वाकान मिळता त्येच्यापेक्षा कणसा भाजून जास्त मिळता, त्येंका तरी काय बोलतलंस? आणि उरलेला रात्री गवो येवन खाता. परवा आमच्या तरव्यात तीन गवे. पंचनामो जातलो, पैशे येतले तेव्हा येतले, पण तरवो परत खंयसून हाडू? त्यात तू होमस्टे काढलंस तर तुझो घो शेतात जातलो की पावण्यांच्या गाडये उलटे करूक?

पडवीतली

नेमकं हेच सासूबाईंच्या मनात असावं. लावणीचे दिवस आणि पाहुण्यांचे दिवस एकच आहेत. ऑक्टोबरात कोणी यायला तयार नसतं, जरा ऊन पडलं की यांची आंबोली संपली.

दोन खोल्यांचा धनी

मी आंबोलीतच हा धंदा करतो. दोनच खोल्या, दुकान मोठं करायची हौस नाही. टॉवेलचं सांगतो, कारण मीही तिथेच अडकलो होतो.

जाड टर्किश टॉवेल आणूच नका. पावसाळ्यात तो आंबोलीत वाळत नाही, विषय संपला. पंचे ठेवा. सुती पंचा चुलीच्या वर टांगलेल्या बांबूवर टाकला की स्वयंपाक होईपर्यंत वाळतो. धुराचा वास येऊ नये म्हणून चूल पेटताना टाकायचा नाही, निखारे झाल्यावर टाकायचा. पाहुणे आधी हसतात, जाताना दोन विकत मागतात. चादरी मात्र आठवड्याच्या गोळा करून सावंतवाडीला यंत्रात सुकवून आणतो, त्याला इलाज नाही. त्याचा खर्च भाड्यात धरायचा. जो धरत नाही तो दुसऱ्या वर्षी बंद करतो.

गाद्या कापसाच्या नकोत. लाकडी कपाटात जुना साठ वॅटचा पिवळा बल्ब लावून ठेवायचा, कपड्यांपासून हातभर लांब, तारेच्या जाळीत. नवे एलईडी तापत नाहीत, त्यांचा इथे उपयोग शून्य.

आणि अंघोळीचं पाणी. लाईट नाही म्हणजे गिझर नाही. तांब्याचा बंब चालतो, पण चार माणसांनी दोन-दोन बादल्या मागितल्या की लाकडं किती जातात ते बघा. तुमची दुसरी खोली म्हणजे लाकडांची खोली पाहुण्यांना दिली, तर पाहुण्यांचं पाणी कशावर तापवणार? त्या खोलीला हात लावू नका एवढं माझं नक्की मत.

आजऱ्याची माई

मी घाटाच्या वरल्या अंगाची, आजरा. आमच्याकडं पाऊस आहे, पण तुमच्यासारखा अंगावर येत नाही. माझं माहेर आंबोलीच्या जवळच, म्हणून राहवेना.

ताई, तुमच्या गावात हिरण्यकेशीच्या गुहेतनं जी धार निघते ती समुद्राकडं उतरत नाही, आमच्याकडं येते. आजरा, गडहिंग्लज करत पुढं घटप्रभेला मिळते, तिथनं कृष्णा. आमच्या उसाला, आमच्या नळाला तेच पाणी. तुमच्याकडं शनिवारी फेकलेली पाण्याची बाटली आमच्या बंधाऱ्याला येऊन तटते. पाव्हणं घ्या, अवश्य घ्या, पण बाटल्यांचं आधी ठरवा. माठातलं उकळलेलं पाणी द्या, बाटली दारातच ठेवून घ्या. आमच्या बायका दर वर्षी बंधाऱ्यातनं पोती भरून काढतात, कुणाच्या बापाचा फोटो छापून येत नाही.

कातळावरचा बेडूक

माईंना +१. मी हौशी निरीक्षक, गेली काही वर्षं पावसाळ्यात आंबोलीत येतो, म्हणजे मीही पर्यटकच, शिव्या घालायच्या तर मलाही घाला.

धागाकर्तीला एक विचारायचंय. होमस्टे म्हटला की गाड्या आल्या, गाड्या आल्या की पार्किंग. घराच्या आजूबाजूला उघडा कातळ आहे का? असेल तर तिथे पार्किंग करू नका, सिमेंट तर अजिबात नको. आंबोली टोड नावाचा छोटा बेडूक अंगाच्या बाजूला पिवळे पट्टे घेऊन हिंडतो. २००९ साली शास्त्रज्ञांनी त्याची वेगळी जात म्हणून नोंद केली आणि तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. पहिल्या पावसात कातळावर जी बोटभर खोलीची डबकी साचतात त्यातच तो अंडी घालतो. विहीर, ओढा, शेत काही चालत नाही, त्याला तेच उथळ डबकं लागतं. एका गाडीचं चाक म्हणजे एका डबक्यातली पूर्ण पिढी. रात्री रस्त्यावर चिरडले जातात ते वेगळेच.

शिवाय हिरण्यकेशीच्या कुंडातला मासा आहेच. २०२० मध्ये नवी जात म्हणून जाहीर झाला, नावही नदीवरूनच पडलं, आणि २०२१ मध्ये शासनाने तिथलं २.११ हेक्टर क्षेत्र जैवविविधता वारसा स्थळ केलं. पाटी लागलीय. पाटीखाली साबणाने पाय धुणारे मी स्वतः पाहिलेत.

पडवीतली

@कातळावरचा बेडूक, घरामागे कातळ आहेच आणि नणंदबाईंनी पार्किंगसाठी बोट तिकडेच दाखवलं होतं! सासूबाई त्या बेडकांना नावानिशी ओळखत नाहीत, पण "पयल्या पावसात थयसर जाव नको, पिल्ला आसतत" एवढं मुलांना दर वर्षी सांगतात. मला वाटायचं निसरडं असतं म्हणून.

हिशेबी काका

मी बँकेतून निवृत्त झालो, त्यामुळे माझ्या डोक्यात बेडूक नाही, कागद येतो. रागावू नका.

पहिलं म्हणजे जमीन. आंबोली, चौकुळ, गेळे या तिन्ही गावांत कबुलायतदार गावकर जमिनीचा प्रश्न किती जुना आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पिढ्यान्‌पिढ्या कसणारा एक आणि सातबाऱ्यावर नाव महाराष्ट्र शासनाचं, अशी स्थिती असेल तर बँक तारण म्हणून ती जमीन घेणार नाही. तुमचं घर नेमकं कशावर उभं आहे ते तलाठ्याकडून लेखी घ्या, मगच बाथरूमच्या फरशा निवडा. राहत्या घरातल्या खोल्या द्यायच्या तर पर्यटन खात्याची निवास-न्याहारी योजना आहे, नोंदणी करून घ्या. जेवण विकणार असाल तर अन्न परवान्याची नोंदणी वेगळी.

दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं: नणंदबाई पैसे घालणार म्हणजे नेमकं काय? ते कर्ज आहे, भागीदारी आहे, की माहेरच्या घराची डागडुजी? हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित घरात मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. म्हणजे त्या कदाचित स्वतःच्याच घरात पैसे घालतायत आणि राबणार मात्र तुम्ही. त्यात वाईट काही नाही, पण चहा पिताना ठरलेलं कागदावर उतरवा. नोकरीत मी फुटलेली घरं पाहिली ती व्याजाने कमी फुटली, "आपल्यात काय लिहायचं" या वाक्याने जास्त.

पडवीतली

काका, हे मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं. नवरा म्हणाला, ताई तशी नाही. सासूबाई पहिल्यांदा बोलल्या: "तशी नाय हा म्हणानच लिवन ठेवा."

वेंगुर्ल्याची

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा!

मी खालची, समुद्रकाठची. आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, म्हणून मे महिन्यात गोलमा, बांगडे, सुकट वाळवून वर घाटावर माल जातो. पूर्वी ह्याच वाटेने वेंगुर्ल्याच्या बंदरातून बेळगावच्या छावणीला सामान जायचं, आंबोली तेव्हा मुक्कामाचं ठिकाण म्हणूनच वाढली. म्हणजे वाटसरूला जागा देणं तुमच्या गावाला नवीन नाही. फक्त तेव्हाचा वाटसरू रात्री टेकून सकाळी पुढे जायचा, आताचा "रूममधून व्ह्यू दिसत नाही" म्हणून पैसे परत मागतो.

सुकी मासळी चुलीच्या खोलीत आहे म्हणालात. तिचा वास पाहुण्याला सोसणार आहे का? आमच्याकडे किनाऱ्यावर एका घरात हाच तमाशा झाला. पाहुणे मासे खायलाच आले होते, पण सुक्या बांगड्याचा वास आला म्हणून रात्री खोली सोडून निघाले. मासा हवा, पण त्याने वास मारायचा नाही.

ढगातला पुणेकर

मी आता गप्प बसून वाचतोय. एवढंच विचारतो, मग आम्ही यायचंच नाही का? हॉटेलात राहिलो तर म्हणता स्थानिकांना काही मिळत नाही. घरात राहायचं म्हटलं तर टॉवेल.

दोन खोल्यांचा धनी

या की. रविवारी संध्याकाळी येऊन मंगळवारी जा. रविवारी चारनंतर गाव रिकामं होतं, तेव्हा मी भाडं कमी घेतो आणि गप्पा मारायला वेळही असतो. शनिवारी तुम्ही माझ्याकडे राहिलात तरी बघणार काय? मुख्य धबधब्याजवळ पुढच्या गाडीची नंबर प्लेट.

अजून एक. पाहुण्यांना रात्री झाडात मोबाईलचा उजेड मारत हिंडू देऊ नका. आमच्याकडे फांदीवर चापडा नावाचा विषारी साप बसलेला असतो, हिरवा, तपकिरी, पिवळा, कुठल्याही रंगाचा. दिवसभर हलत नाही, आणि लोकांना वाटतं रबराचा आहे. तो चावून सहसा माणूस जात नाही, पण सूज आणि वेदना भयंकर. नेहमीचं सर्पविषावरचं इंजेक्शन चार मुख्य सापांसाठी असतं, ह्याच्यासाठी नाही. दवाखान्यात न्यायचं ते न्यायचंच, आणि तेव्हा घाट चालू असेल की नाही ते देव जाणे. ही जबाबदारी घरमालकावर येते, हॉटेलात ती वाटली जाते.

बंद घराचा मालक

मी चाकरमानी, बोरिवलीला. आमचं घर घाटाखाली, वर्षातून दोनदा उघडतं, गणपतीला आणि मे महिन्यात. गणपतीला कुलूप काढलं की पहिले दोन दिवस नुसती बुरशी पुसण्यात जातात. फोटोंच्या काचांच्या आतून बुरशी. आजोबांच्या बाजाच्या पेटीच्या पट्ट्या फुगून खाली बसत नाहीत. त्यामुळे धागाकर्तीच्या नणंदेची बाजू कोणी तरी मांडावी म्हणून लिहितो. आम्हाला घर वापरात राहिलेलं बघायचं असतं. पैसे कमावण्यापेक्षा ती भीती जास्त असते, की आई-वडिलांनंतर हे पडणार. मुंबईत बसून ती भीती बोलून दाखवता येत नाही, मग तोंडातून "होमस्टे काढ" निघतं.

पडवीतली

हे वाचून जरा थांबले. नणंदबाई जाताना गणपतीवर माटवी बांधायच्या लाकडी चौकटीवरून हात फिरवत होत्या, आणि मी मनात म्हणत होते की आता हिचीही किंमत विचारणार. रात्री त्यांना फोन केला. तासभर बोललो, त्यात होमस्टेचा विषय पाच मिनिटं. बाकी सगळं घराचंच: पागोळीखालचा चिरा सुटलाय का, आंब्याची फांदी कौलावर येते का, देवखोलीत गळतं का. गळतं. त्यासाठी त्या पैसे पाठवतायत, आणि काका, ते आम्ही लिहून ठेवतोय.

आजऱ्याची माई

हे बेस झालं. कौलं आधी, पाव्हणं मागनं.

चौकुळचो

मगे होमस्टे बारगळलो काय? माका आतांच कोणीतरी सांगल्यान, तू जेवण घालतलंस म्हणान. गावात बातमी धाग्याच्या आधी पोचता.

पडवीतली

बारगळला नाही, बदलला. चूल तर दिवसभर पेटतेच, भिंत कोमट ठेवायला ती लागतेच. मग तिच्यावर चार भाकऱ्या जास्त. शनिवार-रविवारी दुपारी सांगून येणाऱ्या एक-दोन कुटुंबांना जेवण: नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, भात, भारंगी किंवा कुर्डूची भाजी मिळेल तशी, सोलकढी. सुका बांगडा मागितला तरच, आणि तो पडवीत भाजून. जेवण पडवीत. मुक्काम नाही, टॉवेल नाही, कातळावर गाडी नाही. गाडी मुख्य रस्त्यालाच ठेवायची आणि चालत यायचं, छत्री आम्ही देऊ. लावणीचे दोन आठवडे बंद. परवान्याचं काकांनी सांगितलं तसं आधी करतोय.

सासूबाईंची एकच अट: बाहेरचा माणूस चुलीच्या खोलीत जाणार नाही.

दोन खोल्यांचा धनी

धंद्यातला म्हणून सांगतो, जेवण हे मुक्कामापेक्षा कठीण. खोलीत पाहुणा झोपला की तुम्ही मोकळे. जेवणात पाच माणसं सांगून नऊ येतात आणि त्यातले दोन "आम्ही फक्त डाळभात खातो" म्हणतात. पैसे आधी घ्या, निदान निम्मे. ओळखीचा असला तरी. ओळखीचा असला तर नक्कीच.

वेंगुर्ल्याची

सोलकढीला सोलं आमच्याकडून घ्या, या वर्षीची आहेत. पाठवायची कशी? एसटीने टाकली तर पार्सल ओलं होईल का?

पडवीतली

नवरा शुक्रवारी सावंतवाडीहून वेंगुर्ल्याला कामासाठी उतरणार आहे, तो घेईल. डबा पत्र्याचा असू दे, प्लास्टिकच्या पिशवीत दिलीत तर घाट चढेपर्यंत पाणी सुटेल. दर व्यक्तिगत निरोपात कळवा.

ढगातला पुणेकर

जुलैच्या दुसऱ्या रविवारी चार माणसं. निम्मे पैसे आधी पाठवतो. चालत येतो. आणि पंचा विकत मिळेल का?

पडवीतली

दुसऱ्या रविवारी लावणी आहे, बंद. चौथ्या रविवारी या. पंचा सावंतवाडीच्या बाजारात मिळतो, येताना घेऊन या.

चौकुळचो

दुसऱ्या आयतवारी ये रे पुणेकरा, माझ्या कोपऱ्यात लावणीक. जेवण फुकट.